नाथसागराचं पक्षी अभयारण्य चाळीस वर्षांचं होतंय. सत्कार करायचा तर कुणाचा?

गंगाथडीकर

राम राम मंडळी.

जायकवाडी धरणाच्या जलाशयाचं, म्हणजे नाथसागराचं, पक्षी अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. म्हणजे यंदा चाळीस वर्षं झाली. आमच्या पैठणला चार डोकी जमली की धरण किती टक्के भरलं यावर तासभर बोलतील, अभयारण्याचं नाव निघत नाही. परवा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मीच विषय काढला. पहिली सूचना आली, स्वागत कमान उभारू. दुसरी, फ्लेमिंगोचा पुतळा आणि शेजारी सेल्फी पॉइंट. तिसऱ्याने थेट विचारलं, मंत्री कोणता बोलवायचा?

मला कमान नको आहे. ३४१ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य, त्याला ना कुंपण ना फाटक. निम्मं आपल्या संभाजीनगर जिल्ह्यात, निम्मं नगरकडं. काठाला ऊस, पंप, जाळी, वस्त्या. इतकं असून दर थंडीला पाखरं उतरतात, ती काय सरकारी जीआर वाचून उतरत नाहीत. कुणीतरी हे राखलं आहे, आणि ज्यांनी राखलं त्यांची नावं कुठंच लिहिलेली नाहीत. मान द्यायचा तर त्यांना द्यावा असं माझं मत. पण ते नेमके कोण? नुसतं 'वनखातं' म्हणून मोकळे होऊ नका. ज्याने जे पाहिलंय ते लिहा. थंडीत पाखरं आल्यावर काहीतरी करायचा विचार आहे.

खोडसाळ

सत्कार पाखरांचाच करा. शाल-श्रीफळाचा खर्च वाचेल आणि भाषण सुरू झालं की ती उठून जातील. आपल्याला तेवढी मुभा नसते.

जालन्याची_सून

वाचतेय. लहानपणी शाळेची सहल पैठणलाच असायची. ज्ञानेश्वर उद्यानातली कारंजी आठवतात, धरणाची भिंत आठवते, एकही पक्षी आठवत नाही. गुरुजींनी दाखवलाच नव्हता.

दुर्बीणवाली

चांगला विषय काढलात गंगाथडीकर. मी संभाजीनगरची, हिवाळाभर काठाकाठाने हिंडणाऱ्यांपैकी एक.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू आहे. आपल्याकडं गणना म्हणजे अंधारात पिंपळवाडीच्या नाहीतर सोनवाडीच्या काठाला पोचायचं, धुकं उठायची वाट बघायची आणि मग थवा थवा मोजत बसायचं. पट्टकादंब मोजायला सोपे, हिमालय ओलांडून येतात आणि सकाळी सरळ हरभऱ्यात उतरतात. (शेतकऱ्याच्या शिव्या वेगळ्या मोजाव्या लागतात.) चक्रवाक जोडीने असतात. थापट्या आणि तलवार बदक एकमेकांत मिसळून बसले की वैताग. वारकरी पक्ष्यांचा थवा म्हणजे पाण्यावर नुसते काळे ठिपके, डोळ्यांतून पाणी येतं मोजताना.

आता मूळ प्रश्न. मान द्यायचा तर माझ्यासमोर जी माणसं येतात ती सगळी रोजंदारीवरची आहेत. हजेरीपटावर लागलेले वनमजूर. साहेब तीन वर्षांनी बदलून जातात, हे तिथंच असतात. कुठल्या काठाला गाळात गाडी फसते, कोणत्या बेटावर सुरयांची अंडी आहेत, रात्री कुठून जाळं लागतं, सगळं त्यांना पाठ. त्यातल्या एकाने मला शिकवलेलं सांगते. काठाने कुत्रं आलं तर आधी टिटवी ओरडते, मग शेकाटे उठतात, बदकं सगळ्यात शेवटी. पण खोल पाण्यातली बदकं आधी उठली, तर समजायचं माणूस आहे आणि तो पाण्यातून येतोय. माझ्याजवळच्या एकाही पुस्तकात हे नाही.

नावं इथं लिहीत नाही. त्यांना विचारल्याशिवाय बरं दिसत नाही.

खोडसाळ

पैठणला वारकरी वर्षातून दोनदा येतात. थंडीतले पाण्यावर उतरतात, फाल्गुनातले वाळवंटात. दुसऱ्यांची गणना कुणालाच जमलेली नाही.

शेवगावचा_शंभू

ओ पैठणकर, निम्मं नगरकडं म्हणून एका वाक्यात उडवलंत की आम्हाला! शेवगाव, नेवासा तालुक्यांचा काठ बघा कधीतरी. एरंडगावाकडं सकाळी सहाला या, सूर्य तुमच्याकडून उगवतो आणि पाखरं आमच्याकडं असतात.

बाकी नगर-मराठवाडा पाण्याचं भांडण इथं नको, आधीच सांगतो.

लातूरवाला

भांडण नको म्हणून कसं चालेल? आम्ही २०१६ ला मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलेली माणसं आहोत. पाखरांच्या नावाने सोहळे करताय ते ठीक, पण मराठवाड्यात पाण्यावर पहिला हक्क माणसाचा. उद्या कुणी उठून म्हणेल अभयारण्य आहे, पाणी उपसू नका. मग?

परभणीची_मीरा

लातूरवाले दादा, पैठणात बसून हा वाद? नाथांनी काशीहून रामेश्वराला निघालेली कावड वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली. रामेश्वर राहिला बाजूला. पैठणच्या पाण्यात पाखराचा वाटा नाही म्हणणाऱ्याने आधी नाथांशी वाद घालावा.

लातूरवाला

मीराताई, गाढवाला घोटभर पाजलं, धरण नाही दिलं.

पाटकरी

माझी सगळी नोकरी कालव्यावर आणि गेटवर गेली, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. दोन गोष्टी सांगतो, म्हणजे हा वाद तरी मिटेल.

जायकवाडी हे गाव पैठणजवळ नाही, बीड जिल्ह्यात आहे. धरणाचा पहिला बेत तिथला होता. जागा वर सरकून पैठणला आली, नाव तेच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ ला शास्त्रीजींनी पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिराबाईंनी उद्घाटन केलं. दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत आणि सत्तावीस दरवाजे, अठरा नेहमीचे, नऊ आपत्कालीन. २००६ च्या आणि परवा २०२५ च्या सप्टेंबरातल्या पुरात आपत्कालीन म्हणजे काय ते पैठणकरांनी पाहिलं.

आता पाखरांचा भाग. पूर्ण भरल्यावर पातळी १५२२ फूट, साठा २९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर), पैकी ७३८ मृतसाठा. पाण्याखालचं क्षेत्र साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास. भागाकार करून बघा, सरासरी खोली आठ-साडेआठ मीटर येते. कोयनेसारखी दरी नाही ही, परात आहे. पातळी एक फूट उतरली की काठाला पाणी कुठच्या कुठं मागं जातं ते कायगाव टोक्याकडं उभं राहून बघा. त्या उघड्या पडलेल्या ओल्या गाळात शेकाटे, तुतारी, चमचे चरतात. अग्निपंखाला, म्हणजे फ्लेमिंगोला, तर गुडघाभर पाण्यापलीकडचं काही नकोच असतं. म्हणून धरण शंभर टक्के भरलेल्या वर्षी जानेवारीत अग्निपंख कमी दिसतात, आणि लोक विचारतात, 'एवढं पाणी असून पाखरं कशी नाहीत?' अहो, एवढं पाणी आहे म्हणूनच नाहीत.

तेव्हा लातूरवाले, पाखरं तुमच्या वाट्याचं पाणी मागत नाहीत. त्यांना पाणी उतरल्यावर जे उरतं ते पाहिजे.

लातूरवाला

हे माहीत नव्हतं, पाटकरी काका. हरकत मागे. तेवढ्यापुरती.

निवांत_नांदेडी

मराठवाड्यात नदीकाठचं अभयारण्य म्हणलं की सगळे पैठणच्या नावाने सुरू. आमचं पैनगंगा अभयारण्य कुणाच्या खिजगणतीत आहे का? नदीच्या त्या काठाला विदर्भ, या काठाला आमचा किनवट तालुका. सागवान, सहस्रकुंडचा धबधबा, आणि तिकडं यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेल्या वाघांची येजा. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला तो 'वॉकर' वाघ नांदेड-हिंगोली भागातून फिरत फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. त्याने ना जिल्हा पाहिला ना महसूल विभाग.

तेरकर

नांदेडकर, वाघाचं म्हणाल तर २०२४ च्या डिसेंबरात आमच्या येडशीच्या रामलिंगला एक दिसला, तोही टिपेश्वरचाच. येडशी अभयारण्य किती, तर बावीस चौरस किलोमीटर. त्याला एका दमात ओलांडता येईल. तरी थांबला. महिनोन्महिने लोक संध्याकाळी शेतात जायला घाबरत होते, आणि तेच लोक पाहुण्यांना अभिमानाने सांगत होते, 'आमच्याकडं वाघ आहे.' दोन्ही खरं.

गौताळा अभयारण्यातही २०२१ ला आला होता तो टिपेश्वरचाच. या टिपेश्वरकरांना मराठवाडा एवढा का आवडतो कळत नाही. आमची पोरं तर सगळी पुण्याला पळतात.

खोडसाळ

वाघाला शिकवणी लावायची नसते.

बुडीत_गाव

धागा उघडल्यापासून लिहू की नको करत होतो.

अभयारण्याच्या नकाशावर जो निळा रंग दिसतो त्यात माझ्या आजोबांची विहीर आहे. मळ्यातला गोठा आहे, मारुतीचं देऊळ आहे. मोठ्या दुष्काळात पाणी खाली गेलं की जोत्याचे दगड उघडे पडतात. तेव्हा आमची म्हातारी माणसं टेम्पो करून बघायला जातात. कुणी नारळ फोडतं, कुणी नुसतं उभं राहतं. माझी आत्या तिथं गेल्यावर मला हात धरून दाखवायची, इथं चूल, इथं उंबरा. चिखलात काही दिसत नसायचं.

आधी धरणासाठी उठवलं. त्यानंतर दहा वर्षांनी कळलं की आमच्या बुडालेल्या जमिनीवर आता अभयारण्य आहे आणि तिथं जायला नियम आहेत. नियमाला विरोध नाही. पण चाळीस वर्षांचा मान कुणाचा, असं विचारता तेव्हा पहिली रांग कुणाची असावी? ज्यांच्या जमिनीवर पाणी उभं राहिलं त्यांची की नाही? पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा तालुक्यांतल्या बुडालेल्या गावांची नावं एका फलकावर तरी लिहा. कमानीपेक्षा स्वस्त पडेल.

आणि दुर्बीणवाली ताई, हरभऱ्यातल्या शिव्यांचं लिहिलंत, तो हरभरा आमचाच. गाळपेर. पाणी मागं सरकलं की जी जमीन उघडी पडते ती आम्ही पेरतो. ती मूळची आमचीच आहे.

दुर्बीणवाली

दादा, तुमचं वाचून थोडा वेळ काहीच लिहिता आलं नाही. फलकाची मागणी रास्त आहे, पूर्ण पाठिंबा.

गाळपेरीचं मात्र मला बोलावं लागेल. पाटकरी काकांनी वर सांगितलं तो ओला गाळ म्हणजेच पाखरांचं ताट. हल्ली पाणी हाताएवढं मागं सरकलं की ट्रॅक्टर उतरतो, अगदी पाण्याच्या कडेपर्यंत. त्यावर पंप, त्यावर फवारणी, आणि फवारणीचं सगळं परत त्याच पाण्यात, जे संभाजीनगरचे लोक पितात. तुमच्यासारखे धरणग्रस्त चार एकर पेरतात त्याला माझी हरकत नाही. पण ज्याचं गाव बुडालं नाही, ज्याचा इथं संबंध नाही, असे लोकही आता शेकडो एकर धरून बसलेत. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

बुडीत_गाव

माहीत आहे. त्यांच्याशी भांडायची आमची ऐपत नाही. तुमचं साहेबांकडं येणंजाणं आहे, तुम्ही बोला. पण बोलताना 'गाळपेर बंद करा' असं सरसकट बोलू नका एवढीच विनंती. सरसकट म्हणलं की पहिला आमचाच हरभरा उपटतात.

दुर्बीणवाली

नाही बोलणार तसं. काठाचा काही भाग, सगळ्यात उथळ तो, मार्चपर्यंत मोकळा ठेवा एवढंच मागू. कुठला, ते तुमच्यासारख्यांना विचारून.

शेवगावचा_शंभू

मार्चपर्यंत मोकळा ठेवला तर पेरायचं काय, कलिंगड?

बुडीत_गाव

शंभू, धरणाआधी गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या, पात्रात कलिंगड-खरबुजाच्या वाड्याच असायच्या. वाळूतलं खरबूज खाल्लं नसेल तुम्ही.

भोईवाडा

मला चार ओळी लिहू द्या, मग उडवायचं तर उडवा.

माझे वडील नाथसागरात जाळं टाकायचे. मी आता शाळेवर आहे, पण बालपण होडीत गेलं. आमच्या घरात अभयारण्य हा शब्द आला तो भीती म्हणून. साहेब आले की जाळं लपवायचं. एकदा होडी ओढून नेली होती, सोडवायला जेवढे पैसे गेले तेवढ्यात नवी आली असती. कुणाचं नाव घेत नाही, माणूस आता नाही.

पण वडिलांनी एक गोष्ट शिकवली. जाळ्यात पाणकावळा नाहीतर पाणडुबी अडकली की आधी तिच्या डोक्यावर ओला गमछा टाकायचा. डोळे झाकले की पाखरू गप पडतं. मग पाय न ओढता सूत कापायचं. सूत कापलं म्हणजे जाळ्याचं नुकसान, तरी कापायचं. आई विचारायची, एका पाखरापायी जाळं का फाडलं? ते म्हणायचे, आपण दोघं एकाच पाण्यावर जगतो, त्याचं पोट मारून आपलं भरणार नाही. उन्हाळ्यात बेटावर सुरय आणि टिटवी अंडी घालतात, त्या बेटाला होडी लावायची नाही हा आमच्या वस्तीचा दंडक होता. कायदा आम्हाला नंतर कळला. मी डी.एड.ला असताना पर्यावरणाच्या पेपरात 'लोकसहभागातून संवर्धन' असा प्रश्न आला. मी उत्तरात बेटाचं लिहिलं. मार्क चांगले पडले.

मासा कमी झालाय. वाम तर आता क्वचित. मरळ मिळते ती लहान. चिलापीच सगळीकडं. आणि आता पाण्यावर तरंगतं सोलर येणार म्हणून वस्तीत वेगळीच धास्ती. कहार समाजाच्या पंच कमिटीने हरित लवादात दाद मागितली होती, २०२४ ला फेटाळली. सुप्रीम कोर्टातही २०२५ ला तेच झालं. निकाल निकाल आहे. पण चाळीस वर्षं पाखरू आडवं आलं म्हणून आम्हाला अडवलं, तेच पाणी पत्र्याने झाकायचं म्हणल्यावर पाखरू कुणालाच आडवं येत नाही, हे वडील असते तर त्यांना कसं समजावलं असतं, मला कळत नाही.

पाटकरी

पत्रा नव्हे, पॅनल. आणि बाजू दुसरीही आहे. उन्हाळ्यात या परातीतून बाष्पीभवनाने जे पाणी उडतं ते आम्ही रोजच्या नोंदीत लिहायचो, आकडा बघून पोटात गोळा यायचा. झाकलेल्या पाण्याचं बाष्पीभवन कमी होतं. वीजही लागतेच. मात्र कुठला भाग झाकायचा याला महत्त्व आहे. खोल भाग झाकला तर पाखरांचं फारसं बिघडणार नाही, उथळ काठ झाकला तर मग अभयारण्याची पाटी काढून ठेवा.

भोईवाडा

काका, खोल भागातच आमचं जाळं असतं.

पाटकरी

हं.

परभणीची_मीरा

भोईवाडा दादा, तुमच्या वडिलांचा गमछा वाचून पहिल्यांदा वाटलं की धाग्याच्या प्रश्नाला उत्तर मिळालं.

निवांत_नांदेडी

मला एक कळत नाही. याच गोदावरीवर वरच्या अंगाला निफाडकडं नांदूरमध्यमेश्वर आहे. तेही अभयारण्य १९८६ चंच, तेही बंधाऱ्यामुळं झालेलं, आणि आकाराने तुमच्या नखाएवढं. ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) झालं, २०१९ ची नोंद आहे. आपलं नाथसागर का नाही?

दुर्बीणवाली

कारण तिथं बसायला जागा आहे, मनोरे आहेत, गावातली पोरं गाइड म्हणून तयार झालीत, आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी एका जागी आहेत. आपल्याकडं नोंदी नाहीत असं नाही, विखुरल्या आहेत. कुणाच्या डायरीत, कुणाच्या माळ्यावर. जुने पक्षीमित्र गेले की घरचे रद्दीत देतात. मी स्वतः एका घरातून पावसात भिजलेल्या वह्या आणल्यात. त्यातली शाई पसरलीय, तरी आकडे लागतात.

तेरकर

आणि आपल्याकडं मालक किती आहेत ते पण बघा. पाणी पाटबंधाऱ्याचं, पाखरं वन्यजीवची, मासे मत्स्यवाल्यांचे, गाळ महसूलचा. २०१७ ला भोवतालचा इको सेन्सिटिव्ह झोन जाहीर झाला तेव्हा त्यात आणखी एक समिती आली असेल.

खोडसाळ

सत्कार समारंभाला व्यासपीठ मोठं घ्या.

जालन्याची_सून

व्यासपीठच नको घेऊ. आमच्या शाळेतल्या मुलांना घेऊन येते मी. मुख्याध्यापिका आहे, सहल माझ्या हातात असते. यंदा उद्यानाआधी काठाला नेईन. दुर्बिणी मिळतील का उसन्या? आणि एखादे वनमजूर काका तासभर बोलतील का? त्यांना मानधन शाळेकडून देऊ, पाकिटात, सगळ्यांसमोर.

दुर्बीणवाली

दुर्बिणी देते. काका बोलतील की नाही सांगता येत नाही, पण चालायला लागले की आपोआप बोलतात. मुलांना पांढरे शर्ट घालू नका, पाखरं उठतात.

शेवगावचा_शंभू

आमच्याकडच्याही एका काकांना बोलवा. नगर वन्यजीवचं कुणी यायचं म्हणलं तर मी गाडी घेऊन येतो. पंधरा ऑक्टोबर उलटल्यावर ठेवा म्हणजे झालं. त्या सुमाराला धरण पासष्ट टक्क्यांच्या खाली असलं तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचा वाद पेटलेला असतो आणि मला गावात कुणी पैठणला जाऊ देणार नाही.

लातूरवाला

हा हा हा. शंभू, पाणी घेऊनच ये.

गंगाथडीकर

मंडळी, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळं दोनदा वाचलं.

कमान आणि पुतळा बाद. ग्रुपवर तसं टाकलं, दोघं ग्रुप सोडून गेले, एक परत आला.

फलकाचं मी धरून बसतो. बुडीत_गाव दादा, गावांची नावं आणि शक्य असेल तर प्रत्येक गावातल्या एका जुन्या माणसाचं बोलणं रेकॉर्ड करून द्या, फलक लावायला जागा मिळायला वेळ लागेल, पण माणसं तोवर थांबणार नाहीत. दुर्बीणवाली ताई, भिजलेल्या वह्या स्कॅन करायचा खर्च मी करतो. माझ्या पुण्याच्या ऑफिसातलं मशीन रात्री रिकामंच असतं. वनमजूर काकांचा मान शाळेच्या मुलांच्या हातून व्हावा, जालन्याच्या मॅडमची कल्पना मला आवडली.

भोईवाड्याचं मात्र अडलं आहे. सत्काराला बोलवलं तर वस्तीतले लोक येतील का, ज्यांची होडी एकेकाळी ओढून नेली ते?

भोईवाडा

सत्काराला येणार नाहीत. लाजतात, आणि थोडा रागही आहे. पण बेटाला पोरं न्यायची असतील तर होडी कुणाची घेणार तुम्ही?

गंगाथडीकर

तुमचीच. परवानगी काढून.

भोईवाडा

मग येतील. परवानगीचा कागद आधी वस्तीत दाखवा, शिक्का दिसला पाहिजे. आणि एका होडीत सहापेक्षा जास्त पोरं बसवणार नाही, मॅडमना सांगा. लाइफ जॅकेट शाळेने आणायची.

बुडीत_गाव

नावांची यादी करायला घेतली. आत्या अजून आहे, तिच्यापासून सुरू करतो. तिचं म्हणणं, नेवाशाकडची नावं मला येत नाहीत, तिकडचा कुणी बघा.

शेवगावचा_शंभू

नेवाशाकडची मी देतो. मामाचं गाव त्यातच आहे.

दुर्बीणवाली

तारीख जानेवारीच्या गणनेलाच जोडू या, तेव्हा सगळे काठावर असतातच. नाथषष्ठीच्या आसपास नको, राहायला खोली मिळत नाही.

खोडसाळ

आणि चहा? एवढ्या मोठ्या चर्चेत चहाचं कुणीच काढलं नाही.

पाटकरी

कायगाव टोक्याच्या पुलाजवळ मिळतो. पहाटे पाचला उघडतं. साखर कमी सांगा.